तक्त्यावरची शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानात येणारी माणसं धडपडत येतात, त्यात नवल नाही. पण दारातल्या, जाहिरातीच्या पुठ्ठ्याच्या बाईला धक्का देऊन वर अगदी मनापासून तिची माफी मागणारा हा पहिलाच.

बाहेर सकाळपासून भुरभुर पाऊस चालू होता. आतल्या उबेने त्याच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. त्यात चष्म्याची एक काडी मोडलेली, त्यामुळे तो एका हाताने नाकावर धरून ठेवावा लागत होता. काउंटरमागच्या मुलीने ओठ दाबून हसू आवरलं.

“ती पुठ्ठ्याची आहे,” ती म्हणाली. “तिने मनावर घेतलं नसेल.”

तो आवाजाच्या दिशेने वळला, पण नेम थोडा चुकला आणि फ्रेमांच्या कपाटाकडे बघत म्हणाला, “मग ती माफी तुम्हीच ठेवा. मागितलेली वाया कशाला घालवायची?”

आता मात्र ती हसलीच. आणि हसल्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण आत्या दुकान तिच्यावर सोपवून बाहेरगावी गेल्यापासून ती हसलीच नव्हती.

दुकान आत्याचं. आत्यानेच तिला लहानाची मोठी केलं, डोळे तपासायचं शिक्षण दिलं आणि शिक्षण संपल्यावर पांढरा कोट घालून आपल्या शेजारी उभं केलं. आता आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती लांब मैत्रिणीकडे विश्रांतीला गेली होती. जाताना तिने भाचीला बजावलं होतं की दुकान नीट सांभाळ, गिऱ्हाईक तुटू देऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे मला उठसूट फोन करून भंडावू नकोस. आत्या तिला काळजीबाई म्हणायची ते काही उगाच नाही. दुकान बंद केल्यावर ही मुलगी कुलूप ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत जायची, तिथून परत यायची आणि पुन्हा ओढून बघायची. कधी कधी घरी पोचून जेवायला बसल्यावरही तिला वाटायचं, नक्की लागलं होतं ना?

आणि एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या दुकानाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवर टांगलेला होता. तोही दिव्याच्या उजेडात.

ते कळायला मोडक्या काडीवाल्याला फार वेळ लागला नाही.

तिने त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर भलंमोठं एक अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. हातातल्या छोट्या दिव्याचा झोत त्याच्या डोळ्यात टाकत ती त्याच्या चेहऱ्याजवळ वाकली. हे काम ती दिवसातून किती वेळा करायची, मोजदाद नव्हती.

“माझ्या कानाकडे बघा,” ती सवयीने म्हणाली.

“कुठल्या?”

“उजव्या.”

छपरावर पावसाचा बारीक आवाज येत होता.

“हलू नका.”

“मी कुठे हललो?”

“डोळे हलले.”

“तुमच्या कानात एक निळा मणी आहे,” तो म्हणाला. “तो हलला... म्हणून.”

तिने दिवा विझवला. मणी का हलला असेल, याचा विचार करायचं तिने टाळलं. मग त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवून ती एकेक भिंग घालू-काढू लागली. हे बरं, की हे? आणि आता... हे बरं, की हे? तो प्रत्येक वेळी इतका विचार करून उत्तर द्यायचा, जणू त्याच्या जन्माचाच निकाल लागणार होता. शेवटी त्याने सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली, आणि ती म्हणाली, “अगदी बरोबर. छान.”

नंबर टिपून घ्यायला ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे वळली. पडदा बंद झाला होता. तिने मान वर केली, तक्त्याकडे बघितलं, आणि बघत बघत बटणं दाबली.

“एक विचारू?” मागून तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “तुमचा पासवर्ड... ही शेवटची ओळ आहे का?”

तिची बोटं बटणांवरच थांबली.

तिने वळून बघितलं. ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून तो बसला होता, आणि दिसत होता अगदी गंभीर. त्याने घाईघाईने सांगितलं की घाबरू नका, माझा धंदाच तो आहे. मोठमोठ्या कंपन्या त्याला आपली कॉम्प्युटरची कुलपं तोडून बघायला सांगायच्या, म्हणजे खऱ्या चोराच्या आधी कच्चं कुठे आहे ते कळावं. पण एवढ्या वर्षांत इतकं सोपं कुलूप त्यालाही मिळालं नव्हतं.

“या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण तुमचा पासवर्ड मोठ्याने वाचतो,” तो म्हणाला. “आणि वर तुम्ही त्याला शाबासकी देता.”

तिला रडावं की हसावं कळेना. ही आत्याची अक्कल. आत्याचं म्हणणं असायचं की ज्याला ती ओळ वाचता येत नाही तो चोरी काय करणार, आणि ज्याला वाचता येते त्याला चष्माच नको, तो दुकानात येतोय कशाला? तीच ओळ कॉम्प्युटरला, तीच दुकानाच्या मेलला. आणि त्या मेलच्या खात्यात काय नव्हतं? आत्याने वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसांचे नंबर, डोळ्याच्या पडद्यांचे फोटो, कुणाचा पडदा नाजूक झालाय, कुणाच्या डोळ्याचा दाब वाढतोय, सगळं.

त्याने जाता जाता शिकवलं ते सोपं होतं. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या आणि त्यांचा लांबलचक पासवर्ड करा, तुम्हाला आठवेल पण दुसऱ्याला सुचणार नाही असा. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावू नका. आणि दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्ड घातल्यावरही फोनवर आलेला आकडा विचारला जाईल. चोराला किल्ली मिळाली तरी तुमचा फोन थोडाच मिळणार आहे?

“आजच बदला,” तो म्हणाला.

ती हो म्हणाली. तो गेल्यावर तिने दुकानाच्या फोनमध्ये त्याचा नंबर साठवला. आत्याची पद्धत अशी की गिऱ्हाइकाचं नाव ठेवायचंच नाही, डोळे ठेवायचे. फोनभर ‘उणे सहा’, ‘चाळिशी काकू’, ‘नाजूक पडदा’, ‘मोतीबिंदू मास्तर’ असली मंडळी होती. तिने त्यांच्यात भर घातली, ‘मोडकी काडी’.

पासवर्ड मात्र तिने बदलला नाही.

आळस म्हणाल तर तसं नव्हतं. बदलला तर आत्याला सांगावं लागणार, सांगितलं तर आत्या काळजी करणार. आणि नवा पासवर्ड आपणच विसरलो तर सगळं कायमचं बंद होऊन बसेल, या विचाराने तिला घाम फुटायचा. काळजी करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. काळजी करण्यातच सगळा दम जातो आणि करायचं ते राहून जातं.

चष्मा तयार झाल्यावर तो न्यायला आला. घालून बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि “आता कळलं,” असं काहीतरी पुटपुटला. काय कळलं ते तिने विचारलं नाही.

“बदललात ना?” निघताना त्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

एवढंसं खोटं. पण तो दिसेनासा झाला तरी ते तिला टोचत राहिलं.

मग त्याचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. म्हणजे तो तसं म्हणायचा. दर थोड्या दिवसांनी तो पावसातून यायचा, पुठ्ठ्याच्या बाईला मान लववायचा आणि म्हणायचा की परत घसरतोय. ती त्याच्या कानामागे बोटं घालून काडी चाचपायची, नाकाजवळच्या गाद्या दाबायची. चष्मा तसूभरही घसरत नव्हता. डोळे तपासणाऱ्या मुलीला एवढं कळणार नाही? तरी ती दर वेळी स्क्रू अर्धा पिळायची आणि पुढच्या वेळी परत सैल करून ठेवायची.

एका दुपारी तो यायचा होता. ती काउंटरवर बसून एक डोळा दारावर आणि एक काउंटरवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवून होती, आणि तेवढ्यात दुकानाच्या मेलवर एक पत्र आलं. तुमची मेलपेटी भरली आहे. आज संध्याकाळपर्यंत खात्री करून दिली नाहीत, तर खातं बंद होईल आणि सर्व फोटो पुसले जातील.

सर्व फोटो! तिने खालच्या निळ्या ओळीवर बोट दाबलं, पासवर्ड मागणारं पान उघडलं, तिने सवयीने उठून आत डोकावत तक्त्याकडे बघितलं आणि ओळ भरली. पडद्यावर ‘धन्यवाद’ असं आलं. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दार वाजलं, ओल्या छत्रीचा वास आत आला, आणि ती ते सगळं विसरून गेली.

त्या दिवशी तो बराच वेळ बोलत होता. तुम्हाला जो घाई लावतो, तो आपला माणूस नव्हे असं समजायचं, तो सांगत होता. पत्र कुठून आलंय तो पत्ता नीट वाचायचा, आणि आलेल्या ओळीवर बोट न ठेवता आपल्या नेहमीच्या वाटेने जाऊन बघायचं. त्याने हे सगळं फार चांगलं समजावलं. पण तिची बोटं त्याच्या कानामागे होती. तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी दुकान उघडून ती काचा पुसत होती आणि फोन वाजला. ‘चाळिशी काकू’.

“काय गं, तुमचं पत्र आलंय मला,” काकू म्हणाल्या. “दुकानातून फोन येईल, फोनवर आलेला आकडा सांगा म्हणे. कसला आकडा मागतेस? माझी चाळिशी तर मी कधीच नेली.”

तिने काही मागितलं नव्हतं. तिने कुणालाच पत्र पाठवलं नव्हतं. काकूंना तिने कसंबसं सांगितलं की कुणालाही काही सांगू नका, आणि कॉम्प्युटरकडे धाव घेतली. शेवटची ओळ घातली. चुकीचा पासवर्ड. परत घातली, एकेक अक्षर तक्त्यावरून बघून. चुकीचा.

कुणीतरी आत शिरलं होतं, आणि आतून कडी लावून बसलं होतं.

ती खुर्चीत बसली. आत्याची सगळी माणसं, आत्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी म्हातारीकोतारी माणसं, आणि त्यांना दुकानाच्या नावाने कुणीतरी फसवत होतं. आज त्यातलं एक जरी फसलं तर आत्याला काय तोंड दाखवायचं? ती ओळ कुणाला माहीत होती? आत्याला. तिला. आणि...

आणि त्याला.

पहिल्या दिवशीच त्याने ओळखली होती. कुलपं तोडायचाच तर त्याचा धंदा. चष्मा नेताना त्याने विचारलं होतं, बदललात ना? का विचारलं? चष्मा घसरत नव्हता, मग तो येत कशाला होता? तिचं मन एकीकडे म्हणत होतं की असं असूच शकत नाही, आणि दुसरीकडे भराभर पुरावे गोळा करत होतं. तिला रडू आलं. दुकानासाठी आलं की त्याच्यासाठी, ते तिला त्या घडीला सांगता आलं नसतं.

तिने ‘मोडकी काडी’ला फोन लावला आणि फक्त “या” म्हणाली.

तो छत्री न घेता आला. केसांतून पाणी गळत होतं. तिने त्याला बसायला सांगितलं नाही. झालेलं सांगितलं आणि मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

“ती ओळ तुम्ही कुणाला सांगितलीत?”

तो तिच्याकडे बघत राहिला. चष्म्यावर थेंब होते, त्याने ते पुसले नाहीत.

“ती ओळ,” तो सावकाश म्हणाला. “म्हणजे तुम्ही बदललाच नव्हता.”

तिने खाली बघितलं. दोघांनाही लागायचं तिथे लागलं होतं. तो चिडेल, निघून जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही.

“माझ्यावर संशय घेतलात हे चुकीचं नाही,” तो म्हणाला. “मला बरं वाटलं असं नाही म्हणणार... पण चुकीचं नाही. मी कोण आहे हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळलंय. तेव्हा मी तुमच्या कुठल्याच वस्तूला हात लावणार नाही. मी सांगतो, तुम्ही करा. आणि माझी चौकशी नंतर करा, आधी त्या माणसांना वाचवू या.”

आधी खातं परत मागायचं होतं. चोराने पासवर्ड बदलला होता, पण खात्याला जोडलेला दुकानाचा फोन नंबर त्याला अजून हलवता आला नव्हता. तिने कुठे काय भरायचं ते तो सांगत गेला, आणि ती भरायला लागली की दर वेळी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तिने सांगितलं नव्हतं. तो आपणहून वळायचा, तक्त्यासमोर हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखा. ती त्याच्या ओल्या सदऱ्याकडे बघायची आणि तिची बोटं चुकायची. चोर असा पाठ फिरवून उभा राहतो?

तपास चालू आहे, थोडा वेळ लागेल, असं पडद्यावर आलं. तोवर फोन. ती दुकानाच्या फोनवरचे नंबर सांगायची, तो आपल्या फोनवरून लावायचा, आणि तो बोलत असताना ती स्वतः पुढचा लावायची.

“हे ‘उणे सहा’ म्हणजे?” त्याने मध्येच विचारलं. “त्यांना मी काय म्हणून हाक मारू?”

“साहेब म्हणा. बँकेत आहेत.”

“आणि ‘बघत नाही पण ऐकते’?”

“त्या आत्याच्या मैत्रीण. त्यांना काहीच म्हणू नका, त्याच बोलतील.”

एवढ्या धास्तीतही दोघांची नजर मिळाली आणि दोघांनी ती पटकन काढून घेतली.

तिने ‘नाजूक पडदा’ला फोन लावला. त्या बाईंनी आलेलं पत्र वाचूनच दाखवलं. आज संध्याकाळपर्यंत खात्री करून दिली नाहीत, तर...

आज संध्याकाळपर्यंत. खात्री करून दिली नाहीत, तर.

तिच्या हातातला फोन तसाच राहिला. ती दुपार तिला लख्ख आठवली. निळी ओळ, ‘धन्यवाद’, दाराचा आवाज. कुणी कुलूप तोडलंच नव्हतं. तिनेच किल्ली काढून चोराच्या हातात ठेवली होती, तक्त्यावरून एकेक अक्षर बघून. आणि मघाशी याच माणसाला तिने विचारलं होतं की तुम्ही कुणाला सांगितलीत.

आत्ता सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं, पण तो म्हणाला, “हे ‘मोतीबिंदू मास्तर’ लागत नाहीत. सारखा दुसरा फोन चालू आहे.”

मास्तर एकटे राहायचे. त्यांना फोन करणारं कुणी नव्हतं, म्हणून तर ते चष्म्याच्या निमित्ताने आत्याशी गप्पा मारायला यायचे.

ती कोट तसाच अंगावर ठेवून धावली. तो मागून आला. दोन गल्ल्या सोडून मास्तरांचं घर. पाण्याची डबकी, घसरडी फरशी, आणि तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, मास्तर आपल्या खणखणीत आवाजात एकेक आकडा वाचून दाखवतायत. दार लोटलेलं होतं. ती आत शिरली.

मास्तर खिडकीशी बसले होते. टेबलावर फोन उघडा पडला होता, त्यातून कुणीतरी गोड आवाजात “सांगताय ना आजोबा, लवकर” असं म्हणत होतं. मास्तर एका हाताने छातीचे खिसे चाचपत होते.

“थांबा हो जरा,” ते फोनला म्हणाले. “आकडा आलाय, पण भिंग सापडत नाही. नवीन चष्मा तुमच्याकडेच पडलाय ना अजून?”

तिने पुढे होऊन फोन बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसली. चष्मा द्यायला तिला उशीर झाला होता, म्हणून मास्तर आठवडाभर तिच्यावर कुरकुरत होते. त्या उशिराने त्यांना वाचवलं होतं.

मास्तरांना तिने सगळं समजावलं. फोनवर आलेला आकडा म्हणजे तुमच्या घराची किल्ली, ती म्हणाली, आम्ही मागितली तरी देऊ नका, आणि आम्ही कधी मागणारही नाही. मास्तरांनी मान डोलावली. मग दारात उभ्या असलेल्या ओल्याचिंब माणसाकडे डोळे बारीक करून बघत विचारलं, “आणि हा कोण?”

“चष्मा घसरतो त्यांचा,” ती म्हणाली.

परत येताना पाऊस थांबला होता. ती चालता चालता थांबली.

“मीच दिला,” ती म्हणाली. “पासवर्ड. त्या दुपारी तसंच पत्र आलं होतं. मी घाबरले आणि भरून टाकला. तुम्ही येणार म्हणून दाराकडे बघत होते... आणि आल्यावर मला काही आठवलंच नाही. आणि तुमच्यावर मी...”

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“त्या दिवशी मी हेच सगळं समजावून सांगत होतो,” तो म्हणाला. “चांगलं अर्धा तास.”

“मला ऐकू आलं नाही.”

“का?”

“तुमचा चष्मा बघत होते ना.”

“तो घसरत नव्हता,” तो म्हणाला. “कधीच.”

“माहीत आहे.”

तो हसला आणि चालायला लागला. तिलाही हसू आलं, पण पुरतं नाही. खातं अजून चोराकडेच होतं.

दुकानात पोचल्यावर थोड्याच वेळात फोन वाजला आणि आकडा आला. तो पाठ फिरवून तक्त्यासमोर उभा. तिने श्वास रोखून आकडा भरला. खातं उघडलं. पडद्यांचे फोटो, दाबाचे नंबर, सगळं जागच्या जागी होतं. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. तो भिंतीकडे बघूनच विचारत राहिला की उघडलं का, उघडलं का, आणि वळायचं की नाही हे त्याला कळेना.

तिने आत्याला स्वतःहून फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. मग आत्याने कबूल केलं की ती ओळ बदलावी असं तिलाही वाटायचं, पण दुसरी पाठच होईना. उद्यापासून पुन्हा प्रत्येकाला फोन करून विचारपूस कर, एकही सोडू नकोस, ती म्हणाली. मास्तरांचा चष्मा आजच पोचता कर. आणि शेवटी, तुझ्या शेजारी श्वास घेतंय ते कोण, असंही विचारून घेतलं.

आता एकच काम उरलं होतं, नवा पासवर्ड. तो पुन्हा भिंतीकडे वळला. ती विचार करून एकेक अक्षर दाबत होती.

“फार लांब वाटतोय,” तो म्हणाला.

“तुम्हीच सांगितलंत लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द.”

“दुहेरी कुलूप?”

“लावलं. आणि फोटोंची एक प्रत वेगळी काढून घरी ठेवणार आहे. झालं. वळा.”

तो वळला. ती कॉम्प्युटरकडेच बघत होती.

“हा पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही ना?”

“कुणालाही नाही.”

“तुम्हालाही नाही?”

“मला तर मुळीच नाही.”

“मग नाही सांगत,” ती म्हणाली. कानातला निळा मणी हलला. “फक्त एवढंच... की त्यात तुम्ही आहात.”

खिडकीबाहेर पागोळ्यांचे थेंब टपटपत होते. मग पहिल्यांदाच त्याचा चष्मा खरोखर नाकावरून घसरला, आणि त्याने तो वर केला.

“मग बदलावा लागेल,” तो म्हणाला.

“का?”

“आता मला त्यातला एक शब्द माहीत झाला.”

“आणि नवा ठेवला, त्यातही तुम्हीच आलात तर?”

“तर... परत बदलायचा.”

“आणि परत आलात तर?”

“तर मी आहे की,” तो म्हणाला. “जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. मला ती ओळ आवडते.”

आणि तो खरंच वळून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. ती बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसली. बटणं दाबल्याचा आवाज काही येत नव्हता, आणि का येत नाही ते त्यानेही विचारलं नाही.

संध्याकाळी मास्तरांचा चष्मा पिशवीत घालून तिने दुकान बंद केलं. कुलूप ओढून बघितलं. लागलं होतं. कोपऱ्यापर्यंत दोघं आले आणि तिची पावलं सवयीने थांबली. त्याने तिच्याकडे बघितलं, पण तो हसला नाही.

“बघून यायचं का परत? मी थांबतो.”

तिने मागे वळून दुकानाकडे बघितलं. लांबून कुलूप दिसतही नव्हतं.

“नको,” ती म्हणाली. “चल.”

‘चला’ नाही, ‘चल’. तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि ती गडबडली. मग तपासणीच्या खोलीतला आपला नेहमीचा आवाज काढून तिने विचारलं, “चला, की चल? हे बरं, की हे?”

त्याने नेहमीसारखाच खूप विचार केला.

“दुसरं,” तो म्हणाला. “एकदम स्पष्ट दिसतंय.”

ती पुढे चालायला लागली. त्या रात्री जेवताना तिला कुलपाची आठवणही झाली नाही.